गोठ्यातल्या बालवाडीचं अनुदान

मु. सावरखेडी, जि. बुलढाणा
१० फेब्रुवारी १९६६

प्रिय पुष्पा,

अनेक आशीर्वाद. बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर तुझी सासू पाठीमागे उभी आहे ती मला पुढे लिहू द्यायची नाही. आपल्या बालवाडीला अनुदान मंजूर झालं! सोमवारी मी वांग्यांना पाणी देत होतो, तर ग्रामसेवक बांधावरून सायकल दामटत आला आणि लांबूनच ओरडायला लागला. मला वाटलं, कुणी गेलं की काय. खोरं टाकून धावलो, त्यात चपलेचा अंगठा तुटला. पंचायत समितीचा कागद आला होता. गावठाणातल्या मोकळ्या जागेवर पत्र्याची खोली, पोरांना रोज उसळ आणि दूध, सेविकेला पगार. अट एवढीच की जूनपासून शिकलेली बालसेविका रुजू झाली पाहिजे. चावडीवर ते वाचून झालं तसं सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मी मिशीला पीळ दिला. अमरावतीला बालसेविकेचं शिकायला गेलेली सून आमच्याच घरची, मग मिशी कशाला वाढवली! महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे तुझ्या सासूने, घरोघर गूळ वाटला. दिवाळीपासून जिच्याशी अबोला होता त्या अन्नपूर्णा पाटलिणीच्या दारातही गेली. पाटलीणबाईंनी गूळ तोंडात टाकला आणि जुना आहे म्हणाल्या. अबोला पुन्हा सुरू झाला आहे.

मागच्या वर्षीची फजिती आठवते ना तुला? मी अजून एकटा असलो की हसतो. बुलढाण्याहून समाजकल्याणच्या बाई पाहणीला येणार असं कळलं मात्र, सगळ्या गावाला मुलीला बघायला पाहुणे येणार असं होऊन गेलं. गोठा सारवला, भिंतींना चुन्याचा हात दिला, बैल पहाटेच शेतात हाकलले. पाटलांकडची पितळेची भांडी आणली, देवळातली सतरंजी आणली, शाळेतल्या तसबिरी आणल्या. कचरूच्या पोरांना धड सदरे नव्हते, तर कुणाकुणाचे घालून बसवलं आणि बाह्या पार गुडघ्यापर्यंत आल्या. वर बाईंना पुरणपोळी आणि तुपाची धार. बाई पोटभर जेवल्या, तोंडभरून कौतुक केलं आणि जाऊन लिहिलं की संस्थेला स्वतःची प्रशस्त इमारत आहे, गाव सधन आहे, अनुदानाची गरज दिसत नाही. बैलांच्या गोठ्याला प्रशस्त इमारत! तू रडलीस आणि तुझी सासू भडकली. "मंग काय पाव्हणीले गोणपाटावर बसवू का मी?" म्हणाली. तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. चूल पेटलेली नसली तरी दारातल्या माणसाला 'जेवून जा' म्हणायचं, एवढंच आपण शिकलो. आपली गरज उघडी करून दाखवायची कशी, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

या वर्षी पुन्हा त्याच बाई येणार म्हटल्यावर मंडळाची बैठक भरली. काही म्हणजे काही मागून आणायचं नाही, असा ठराव. तुझी सासू एकटी विरोधात. "म्या काही भीक नाही मांगनार," असं म्हणून पाठ फिरवून बसली. शेवटी भिमाबाई बोलली, जी एरवी बैठकीत तोंड उघडत नाही. तुझ्या सासूला म्हणाली, "भीक काऊन व्हईन गोजरबाई? आपले लेकरं हायेत, तेच दाखवा." ठराव पास झाला.

बाई आल्या त्या दिवशी निम्म्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. पोरं गोणपाटावर बसलेली. कचरूची बहीण रुख्मिणी, तू तुझ्या जागी नेमून गेलीस ती, त्यांना तुझं चिमण्यांचं गाणं शिकवत होती, आणि चाल साफ चुकीची. बाई मुलांच्या पंक्तीला बसल्या, त्यांच्याबरोबर ज्वारीच्या कण्या खाल्ल्या. धान्य कुठलं असं विचारलं, तेव्हा प्रत्येक घर दळायला बसताना मूठभर ज्वारी बालवाडीसाठी बाजूला काढतं, हे रुख्मिणीने सांगितलं. एवढ्यात आपला हरण्या बैल शेतातून सुटून आला, सवयीप्रमाणे दारात उभा राहिला आणि आत मान घातली. पोरांनी एकच गिल्ला केला, "हरण्या आला, सुट्टी झाली!" बाईंनी विचारलं, हा इथे कसा? तुझी सासू म्हणाली, "त्याचंच घर हाये बाई. दुपारपर्यंत आमाले देते." बाईंनी गोठ्यावरून एकदा नजर फिरवली. मग मागच्या वर्षीची सतरंजी कुठे गेली म्हणून विचारलं, आणि ती देवळाची होती असं कळल्यावर इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्यांनीच हे काम पुढे रेटलं, असं ग्रामसेवक सांगत होता.

पण हे सगळं उभं केलंस तू. मोतीराम तापाने गेला त्यानंतर तू बोलायचीच बंद झाली होतीस. आमचा मुलगा गेलेला, तुझ्या लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती, कुणी कुणाला समजवायचं? तिघंही एकमेकांची नजर चुकवून जेवायचो. मग त्या हंगामात तू वेचणीला गेलीस आणि भिमाबाईच्या पोरीला बाभळीला बांधलेलं बघितलंस. रांगत विहिरीकडे जाऊ नये म्हणून आईनेच लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. तू तिला सोडवलंस, कडेवर घेऊन तशीच घरी आलीस आणि मला म्हणालीस, "मामंजी, गोठा दुपारपर्यंत रिकामाच असतो ना?" किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला मी! त्या क्षणी तू मळा मागितला असतास तरी दिला असता. तुझे वडील संग्रामपूरहून तुला न्यायला आले, तेव्हाही तू गेली नाहीस, गोठ्यात पोरांची नाकं पुसत बसलीस. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. एवढं बरं वाटायला नको होतं की काय, असं हल्ली मनात येतं.

तू अमरावतीला गेल्यापासून घर ओकंबोकं झालं आहे. तुझी सासू अजून तुझ्या वाट्याची भाकरी थापते आणि मग माझ्यावर ओरडते की तू खा. मी खातो. अंगरखा पोटावर घट्ट व्हायला लागला आहे. संध्याकाळी मोट सोडून आलो की आधी गोठ्याकडे बघायची सवय जात नाही. जून कधी येतो याकडे दोघांचेही डोळे लागलेले, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता ज्या पाहुण्याबद्दल लिहायचं म्हणून इतका वेळ पाल्हाळ लावलं, ते लिहितो. गेल्या गुरुवारी एक गृहस्थ मोताळ्याच्या मोटारीतून उतरले आणि बालवाडी कुठे म्हणून विचारत आले. पांढरा पायजमा, हातात छत्री, उन्हाळा नाही पावसाळा नाही. गावाने घाबरून रुख्मिणीला निरोप पाठवला की आणखी एक तपासणी आली. नाव सांगितलं निवृत्तीमास्तर, तुमच्या शिक्षणकेंद्राशेजारच्या शाळेत शिकवतात म्हणाले. तुला यापेक्षा जास्त ओळख करून द्यायची गरज नाही. पोरांत मांडी घालून बसले. रुख्मिणीने ते चिमण्यांचं गाणं सुरू केलं, तर यांनी हळूच, अगदी नकळत, बरोबर चाल धरली. तुझी चाल, शेवटच्या ओळीला तू जो हेल काढतेस त्यासकट. मी काही मनावर घेतलं नाही. तुझ्या सासूने मात्र सुपातली ज्वारी पाखडायची थांबवली.

मग मी त्यांना मळा दाखवायला नेलं. वांगी बघितली, मिरच्या बघितल्या, विहिरीचं पाणी चाखलं, पण माणूस मुद्द्यावर येईना. शेवटी मीच म्हटलं, मास्तर, वांगी बघायला कुणी अमरावतीहून येत नाही. तेव्हा छत्रीच्या टोकाने माती उकरत त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. गावात बालवाडी आहे, दोन म्हातारी माणसं वाट बघताहेत, असं म्हणालीस. "ज्याच्यासाठी त्या नाही म्हणाल्या, ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून आलो," म्हणाले. "पाहिलं. त्यांचं बरोबर आहे." आणि चक्क उठून निघाले! माझ्याकडे काही मागितलं नाही, की कुणाकरवी शब्द टाकला नाही. मी त्यांना वांगी बांधून दिली आणि बांधापर्यंत पोचवायला गेलो. तिथे एकच विचारलं की बालवाडी आणि म्हातारी सोडून द्या, तुम्ही तिला पसंत नाही असं ती म्हणाली का? मास्तर वांग्यांच्या गाठोड्याची गाठ पुन्हा आवळत म्हणाले, "तसं नाही म्हणाल्या."

घरी येऊन तुझ्या सासूला सांगायचं मला जिवावर आलं होतं. ही रडून गोंधळ घालणार, असं वाटलं. तर ती म्हणाली, "मले त्या गाण्यातच समजलं होतं." मग चुलीपाशी जाऊन रडली आणि मिरची झोंबली म्हणाली; घरात त्या दिवशी मिरची कुटलीच नव्हती. संध्याकाळी मला म्हणाली, "लेकरू बांधून ठेवलं वाटते आपण बी." मी जेवलो नाही त्या दिवशी, तुझ्या वाट्याची भाकरीसुद्धा नाही.

हे सगळं झालं गुरुवारी आणि अनुदानाचा कागद आला सोमवारी. देवाला थट्टाच करायची असली की तो अशी वेळ साधतो. दुसऱ्या दिवशी मी मोताळ्याला गेलो, पंचायत समितीच्या कचेरीत बसून राहिलो. साहेब भला माणूस आहे, पण नियम तो नियम. जूनमध्ये शिकलेली सेविका नसेल तर या वर्षीचं अनुदान दुसऱ्या गावाला जाणार. मास्तरांची नोकरी आणि आई अमरावतीला, तेव्हा ते इकडे येणार नाहीत, आणि त्यांनी यावं असं मला वाटतही नाही. रुख्मिणीला विचारलं. सातवी पास आहे, जूनपासून शिकायला जायला तयार आहे, तिच्या भावाची समजूत मी काढली. ती परत येईपर्यंत आणखी एक वर्ष गोठा, गोणपाट आणि मुठीची ज्वारी. खोली होणार नाही, दूध येणार नाही. गाव मला शिव्या घालेल. घालू दे. भिमाबाईला मात्र आम्ही दोघांनी जाऊन सगळं सांगितलं, कारण तिची धाकटी अजून त्याच गोठ्यात बसते. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की मास्तर स्वभावाने कसे आहेत. तुझ्यावाचून आमचं अडत नाही असं खोटं मी लिहिणार नाही, पोरी. अडतं. रोज अडतं.

तर तुला जूनमध्ये बोलवायला हे पत्र लिहिलंय, असं वाटलं असेल. ते तसं नाही. तू मास्तरांना पुन्हा एकदा उत्तर द्यावंस म्हणून लिहिलं. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, तुझं घर इथे आहेच, जूनमध्ये ये आणि गावभर मिरवत पत्र्याची खोली बांधू. पण तुझ्या मनात नाही म्हणून नाही म्हण, आमच्यासाठी म्हणू नकोस. आणि हो म्हणालीस, तर आपल्यात दुसऱ्या लग्नाचा पाट जसा अंधार पडल्यावर चार माणसांत उरकतात, तसा मी उरकू देणार नाही. दिवसाउजेडी, आपल्या दारात मांडव घालून, सगळ्या गावादेखत होईल. हळद तुझी सासू लावणार आहे, तिनेच सांगितलं आहे, आणि तुझी पाठवणी याच घरातून होईल. अनुदान काय, पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतं. मागायचं कसं ते आता आम्हाला कळलं आहे. मास्तरांनी तुला दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघू नकोस. तो माणूस विचारायचा नाही. तूच सांग.

तुझाच बाप,
वामनराव