हातचा

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र उत्तम चालतं. दाजींचा खोकला थांबला असेल. जगाचा खोकला थांबला की आपला धंदा बसतो, पण घरच्यांचा थांबावा.

सकाळी तुझा सोमवारचा फोन आला. दुकानांतून औषधाच्या किती बाटल्या गेल्या तो आकडा सांगितलास आणि ठेवलास. तुझ्या काचेच्या भट्ट्यांबद्दल अक्षर नाही. दोन्ही विझवल्यास, माणसं घरी बसवलीस, हे मला ट्रकवाल्याकडून कळलं.

तुझ्याच टेबलावर ठरलं होतं. औषधाची कंपनी काहीही मागो, तू बाटल्या आणि मी झाकणं करायची ती विक्रीच्या आकड्यावर. "दुकानदार मागताना थोडा हातचा धरतो, कंपनी त्यावर आपला, आपण त्यावर आपला. ही बेरीज नाही रे बुच्या, फुगा आहे," असं तू म्हणालीस. मी चहा पिऊन मान डोलावली.

मग तापाची साथ आली. कंपनीने तिप्पट मागितलं. तू म्हणालीस, "विक्री दीडपट आहे, दीडपटच करू." मी "हो ताई" म्हणालो आणि तिप्पट केली. वाटलं, तू कमी पडलीस की कंपनीला कळेल भरवशाचा कोण ते.

माझे ट्रक पोचले तसा कंपनीचा खरेदीवाला तुझ्या मानगुटीवर बसला. "झाकणं आली, बाटल्या कुठे? दुसरा भट्टीवाला बघू का?" तू दुसरी भट्टी पेटवलीस. साथ ओसरली, ऑर्डर थांबली. झाकणं गोणीत मावतात गं. बाटल्यांनी तुझं अंगण भरलं.

परवा दाजी म्हणाले, "ताई म्हणते, बुच्याला कंपनीने दमात घेतलं असणार. एरवी तो शब्द मोडायचा नाही."

कुणी दमात घेतलं नव्हतं, ताई. साधा फोनसुद्धा आला नव्हता.

वर जी ओळ खोडलीय, तिथे झाकणांवरचा विनोद होता.

दुपारी खरेदीवाल्याला सांगून आलो: तिप्पट हा माझा आगाऊपणा होता, आधी ताईच्या अंगणातल्या बाटल्या उचला, तोवर माझं मशीन बंद. तो हसला. म्हणाला, "बहिणीला माहीत आहे का हे?"

म्हणून हे पत्र.

पुढच्या सोमवारी फोन करायलाच हवा असं नाही. केलास, तर तू सांगशील तेवढीच करीन.

हातचा न धरता,
तुझा
बुच्या