लाल रेघेचं पान

गोथेनबर्ग, १४ मार्च १९९४

प्रिय माइरे,

टॅलिनहून पाठवलेलं पुस्तक आणि तुझं पत्र मिळालं. पाकीट ओलं होतं म्हणून मी पोस्टातल्या बाईशी उगाच वाद घातला. घरी येऊन प्रस्तावना वाचली आणि वाटलं, सगळं भिजून लगदा झाला असता तर बरं. मी चार इयत्ता शिकलेला माणूस, पण तुझ्या वडिलांच्या प्रत्येक पुस्तकाचे शिशाचे खिळे छापखान्यात मी जुळवलेत. आणि हा प्रस्तावनावाला विद्वान लिहितो, तुझे वडील व्हाल्डेको चव्वेचाळीस साली 'परदेशी गेले'. गेले म्हणे. रशियन फौजा पाठीवर होत्या. बारा जणांच्या होडीत एकतीस माणसं कोंबली होती. तू आईच्या शालीत होतीस आणि तुझे वडील टोपीने पाणी उपसत होते. याला जाणं म्हणतात का?

तुझी हेल्मीकाकू मला सकाळपासून सांगते आहे, "एल्मार, आधी गोळी घे, मग भांड त्या पुस्तकाशी." घेतली गोळी. राग गेला नाही. माझी छाती आधीच नीट नाही, त्यात तू वडिलांची रक्षा पुरण्याआधी हे पत्र पोहोचेल की नाही याची काळजी.

त्या माणसाने लिहिलंय की तुझ्या वडिलांनी कीर्तीसाठी सख्ख्या बहिणीचा बळी दिला. कीर्ती कुठली? तीनशे प्रती छापायचो आम्ही. तुझे वडील दिवसभर बेअरिंगच्या कारखान्यात उभे राहत आणि रविवारी लिहीत. मागे राहिलेल्या माणसाचं खरं नाव आपल्या पुस्तकात आलं तर तिकडे रशियन राजवटीत त्याचं काय होतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. पण व्हाल्डेकोला खोट्या नावांनी लिहिताच येत नसे. म्हणायचा, "नाव बदललं की माणूस माझ्याशी बोलतच नाही रे. मी खरं लिहून खाली लाल रेघ मारतो, तू जुळवताना बदल. चुकलास तर तुझे कान कापून हेरिंग मासळीच्या पिंपात खारवीन." पुस्तक छापून झालं की आम्ही दोघं हस्तलिखित चुलीत घालायचो. एकेक पान, राख होईपर्यंत. असा माणूस बहिणीला विकेल?

तुझी लैदाआत्या सारेमा बेटावर शाळामास्तरीण होती. भावाला तिने आठवडाभर गवताच्या माळ्यावर लपवलं, म्हणून तर तो होडीपर्यंत पोहोचला. बावन्न सालच्या पुस्तकात ते आलं आणि एका पानावर तिचं नाव जसंच्या तसं छापलं गेलं. पुढच्या वर्षी तिला शाळेतून काढून गोठ्यात शेण काढायला लावलं. त्यानंतर तिने भावाला एक ओळ लिहिली नाही. ही बातमी आली त्या दिवशी तुझे वडील छापखान्यात आले. कोटही न काढता बसले आणि म्हणाले, "रेघ मारायची मीच विसरलो असेन, एल्मार."

तू लिहितेस, बाबांची शेवटची इच्छा काहीही असो, त्यांची बारा वर्षं जपलेली रक्षा मी आत्याच्या कबरीशेजारी ठेवू देणार नाही, तिने त्यांच्यापायी पुरेसं भोगलं. हे वाक्य मी वाचलं आणि पेटीच्या तळातून एक जुनं पान बाहेर काढलं. त्या प्रस्तावनावाल्यावर मी दोन पानं ओरडलो, पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत? माहीत फक्त मला आहे.

सोबतचं पान बघ. अक्षर तुझ्या वडिलांचं. 'लैदा'खाली लाल रेघ आहे, ठळक, दोनदा ओढलेली. सगळं जाळलं त्या दिवशी मी हे एक पान खिशात घातलं, कारण जुळवताना ते नाव बदलायचं मीच विसरलो होतो, हे मला तोवर दिसलं होतं. छापलेले कागद समोर वाळत होते. ते फाडून पुन्हा छापायचे तर व्हाल्डेकोला सांगावं लागलं असतं. मी घाबरलो. म्हटलं, तिकडे कोण वाचतंय. आणि तो 'मीच विसरलो असेन' म्हणाला तेव्हा मी म्हणालो, "असेल." एवढंच. तो एकोणतीस वर्षं त्या 'असेल'खाली जगला आणि मेला. हे पान त्या विद्वानाला दाखव, माझं नाव छापायला सांग, खरं नाव. आणि व्हाल्डेकोला बहिणीजवळ ठेव. शिव्या मला लिहून पाठव, मी वाट पाहतो.

तुझाच,
एल्मारकाका