वाढवलेलं दुकान

नाना, बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसून लिहिते आहे. गादी गुंडाळून झाली, माळा उतरवून झाल्या, भिंतीवर खुंट्या तेवढ्या राहिल्या आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी हात आठवावे लागतात, मग हळूहळू वर चेहऱ्यापर्यंत पोचते. दमले आहे मी. उद्या धाकट्या भावाचा मुलगा इथे सायकलींचं दुकान मांडणार आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणायला हवं, पण पोरगा गुणी आहे, आणि हे बीळ दुसऱ्या कुणाला हवं होतं म्हणा! परवा तो म्हणाला, "आत्या, दुकान बंद करायचं तर आताच करा, लग्नसराईपर्यंत कशाला थांबता?" मी सवयीनं फटकारलं, "बंद नही म्हनतस रे, वाढावनं म्हन." तो हसला. जुन्या माणसांच्या या गोष्टी त्याला गमतीच्या वाटतात.

मला ती फटकार तुमच्याकडून मिळालेली. परकर-पोलक्यातली होते. आईनं भाकरी टाकायला घेतल्या होत्या, आणि मी सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडत आले, "नाना, दुकान बंद करा, माय बलावस!" तुमच्यासमोर दोंडाईच्याची एक बाई हात पुढे करून बसलेली, बांगडी तिच्या पंज्यावर अडकलेली. तुम्ही तिचा हात सोडला नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलंत. "दुकान बंद व्हत नही, बेटा. दुकान वाढावतस." मग वाटेनं चालताना समजावलंत. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. वाईट शब्द तोंडातून गेला की तो घरातच फिरत राहतो. मी मान डोलावली, कळलं काहीच नाही. कारण पुढे एकदा तुम्ही जेवताना आईला सांगितलंत की कोपऱ्यावरच्या अत्तरवाल्यानं दुकान वाढवलं, आणि मी सकाळी उठून धावत गेले, केवढं मोठं झालंय ते बघायला. फळ्या लावलेल्या होत्या. त्याच्या ओट्यावर एक शेळी बसून रवंथ करत होती. अत्तराचा वास मात्र पुढे कितीतरी दिवस त्या फळ्यांना येत होता.

तेव्हापासून आपल्या रस्त्याचा हिशेब माझ्या मनात असाच राहिला आहे, कुणी कधी वाढवलं याचा. अत्तरवाल्याच्या जागी चहाचं हॉटेल आलं. समोरचा साजवाला, ज्याच्याकडे कापसाच्या गाड्यांचे बैल नटायचे, तो घुंगरं आणि गोंडे टांगून वाट बघत बसायचा. मग मोटारलॉऱ्या आल्या, आणि लॉरीला कोण घुंगरं बांधतं? त्यानंही वाढवलं. मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान टिकलं, पण आता त्यांचा नातू कंट्रोलचं कापड कार्डावर मोजून देतो आणि रांगेतल्या बायांच्या शिव्या खातो. शेटजी असते तर पहिल्याच शिवीला गादीवरून उठून आत गेले असते. आपल्याकडेही जपानी बांगड्या आल्या, मग स्वदेशीची शपथ घेऊन जपानी नको म्हणणाऱ्या बाया आल्या. त्या दिवशी तुम्ही निमूटपणे रंगीत माळा उतरवून पोत्यात भरल्यात आणि फिरोजाबादेच्या जाड हिरव्या तेवढ्या ठेवल्यात. लढाईत त्याही येईनाशा झाल्या. पण मी फार पुढे गेले.

मला नशिराबादेला दिलंत तेव्हा चुडा तुम्हीच भरलात. बाप म्हणून नाही, कासार म्हणून. हात आवळून, अंगठा तळव्यात दाबून, एकही ओरखडा येऊ न देता. शेवटी मी रीतीप्रमाणे कासाराच्या पाया पडले, आणि तुम्ही उरलेल्या बांगड्या पुन्हा माळेत ओवायला घेतल्यात. तो चुडा फार दिवस राहिला नाही. तापात तुमचे जावई गेले, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं, अगदी मायेनं, म्हटलं, "वाढवा वं हिच्या बांगड्या आता." नाना, मी उंबऱ्यावर बसले होते आणि तो शब्द ऐकून क्षणभर मला खरंच वाटलं की काहीतरी वाढणार आहे. मग त्यांनी दगड आणला.

तुम्ही मला न्यायला आलात. घरी आल्यावर आई मला पाहून रडली, आणि दुसऱ्या दिवशी मला माजघराच्या कोपऱ्यात बसलेली बघून तुम्ही म्हणालात, "आठे कसाले बठस? चाल, दुकानवर चाल." आई घाबरली. बोडक्या हातांची बाई कासाराच्या दुकानात! गिऱ्हाईक येईल का? तुम्ही पागोटं डोक्यावर ठेवलंत आणि निघालात. मी मागून.

महिनाभर मी नुसत्या माळा ओवत होते, पाठ रस्त्याकडे करून. मग शिरपूरकडची एक बाई आपल्या नवऱ्या मुलीला घेऊन आली. "नाना, चुडा तुमीच भरा. पोर नवरी शे." तुम्ही म्हणालात, "मना हात कापतस आते. हाई मनी आंडेर, मनी पोर, भरी दी. तिना हात मन्हापेक्षा हलका शे." तुमचे हात कापत नव्हते, नाना. सकाळीच तुम्ही एका लेकुरवाळीला अगदी घट्ट मापाच्या चढवल्या होत्या. मी पुढे सरकले, त्या मुलीचा हात घेतला. घामेजलेला, मेंदीचा. बाईची नजर माझ्या मनगटावर. दुकानासमोर दोघी-तिघी थांबल्या. चुडा भरून झाला आणि तो क्षण आला, ज्याची मला भीती होती. बाई हळूच म्हणाली, "आते पोर कोना पाया पडी?" तुम्ही माळेवरून नजरही उचलली नाहीत. "जिनी भऱ्या, तिना." बाईनं मुलीचा दंड धरला होता, पण मुलगी तोवर वाकली होती. आता आशीर्वाद द्यायला हवा होता. सौभाग्याचा आशीर्वाद मी कुठून देणार? मी म्हणाले, "हात जपजो, माय." पुढे सगळ्या नवऱ्या मुलींना मी तोच आशीर्वाद दिला. बाया लांबून मुली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, त्या अक्काच्या हातानं बांगडी वाढत नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही फळ्या लावल्यात आणि एवढंच म्हणालात, "चाल बेटा, घर जाऊत."

आता माझे हात खरोखरच कापतात. गेल्या लग्नसराईत एका मुलीला चुडा भरताना बांगडी माझ्याच बोटांत तडकली आणि तिच्या मनगटातून रक्त आलं. तिच्या आईनं पदर फाडून बांधला. मुलगी मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का, दुखत नही." तिला दुखत होतं. मी घरी येऊन जेवले नाही. त्याच दिवशी मनात ठरलं, भाच्याला सांगायला एवढे महिने लागले.

आज दुपारी, भर उन्हात, फळ्या लावल्या. शेवटची फळी नेहमीसारखी अडली, खालून पायानं ढकलावी लागली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय अक्का, आज लवकर वाढवलं?" मी म्हणाले, "बंद केलं रे." त्यानं हातातली कपबशी ओट्यावर ठेवली. मग मागच्या दारानं पुन्हा आत आले आणि हे लिहायला बसले, कारण तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. चिठ्ठी पाठवायची कुठे, ते ठाऊक नाही. खोक्यातच ठेवीन, भाचा खोकं चुलीत घालेल.

कबूल एवढंच करायचं होतं की तुमचा तो शब्द मला नशिराबादेपासून सोसत नव्हता. तुमच्यासाठी रोज म्हणत आले, तुम्ही असताना आणि नसतानाही. माझ्या बांगड्या वाढल्या नव्हत्या, नाना, फोडल्या होत्या. आणि आज फळी ढकलताना लक्षात आलं की मी परत आल्यापासून तुम्ही तो शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. रोज संध्याकाळी नुसतं घरी जाऊ म्हणायचात. मी तुम्हाला जपत होते आणि तुम्ही मला, आणि दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

ऊन उतरलं आहे. चला नाना, घर जाऊत.