पिसं येईपर्यंत

४ सप्टेंबर
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.
तुझं ईमेलवर आलेलं पत्र कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. आईचे डोळे आता अक्षर धरत नाहीत, म्हणून मीच वाचतो. पेंग्विनच्या पिल्लांचा मजकूर तिनं दोनदा वाचायला लावला.
यंदा इथला समुद्र अंगाला कोमट लागतो. मासळीनं पाठ फिरवली, होड्या धक्क्यालाच बांधलेल्या आणि आपल्या कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्यांना कुणी विचारत नाही. तिकडे बर्फ कमी पडला तर कळव, पाठवून देतो.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा

२१ सप्टेंबर
ती. बाबांना सा. न.
तुमची थट्टा वाचून हसले, पण फार वेळ नाही. बर्फ खरंच कमी पडतोय. तुमच्याकडचं पाणी तापलं की वरच्या हवेची घडी विसकटते आणि पार इथले, दक्षिण ध्रुवाकडचे वारे फिरतात. तेच वारे यंदा किनाऱ्याचा बर्फ समुद्रात लोटताहेत. सगळं खापर तुमच्या समुद्रावर फोडत नाही, पण त्याचा हात आहे.
पिल्लं त्याच बर्फावर आहेत. अंगावर नुसती लव. पाण्यात टिकणारी पिसं डिसेंबरात येतील. तोवर बर्फ टिकायला हवा. आम्ही अभ्यासाला आलेल्यांनी मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं.
आईला सांगा, मी वेळेवर जेवते.
तुमची ठकू

१४ ऑक्टोबर
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.
यंत्र बंद करू म्हटलं, तर आई ऐकत नाही. पिल्लांना पिसं येईपर्यंत आपलाही बर्फ चालू राहू दे, म्हणते. वेडेपणा आहे हे तिलाही कळतं. लाद्या अंगणात विरघळतात, मी नव्या लावतो. रोज सकाळी विचारते, ठकूचा बर्फ धरून आहे ना?
लवकर लिही.
तुझा बाबा

८ नोव्हेंबर
ती. बाबांना सा. न.
काल बर्फ फुटला. पिल्लं एकमेकांना चिकटून उभी होती, तशीच पाण्यात गेली. लव भिजली की वर येता येत नाही. मोठे पक्षी पोटात मासे घेऊन परतले आणि हाका मारत राहिले. अजून मारताहेत. बाबा, मला इथे काही करता आलं नाही आणि पुढच्या वर्षीही करता येणार नाही.
हे आईला वाचून दाखवू नका.
तुमची ठकू

१० नोव्हेंबर
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.
आईला सांगितलं, पिसं लवकर आली, पिल्लं पोहत गेली. ती माझ्या हातातल्या कागदाकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, “आता यंत्र बंद करा.”
केलं.
तुझा बाबा