न वाळलेलं आभाळ

अण्णा,

आज रविवार, पौषातला. सकाळच्या एसटीनं लातूरहून नांदेडला गेले, तिथलं सरकारी कलादालन पाहिलं आणि संध्याकाळी परत आले. तुमचं चित्र सापडलं. मिशनचं प्रार्थनाघर, पांढऱ्या भिंती, मागं आभाळ. खाली पाटी आहे, चित्रकार अज्ञात. अण्णा, एक सही करायला काय झालं होतं तुम्हाला?

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. तुम्ही सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर. तहसीलदारसाहेबांनी बैठकीत लावायला चित्र मागितलं आणि तुम्ही ते प्रार्थनाघर निवडलंत. भिंती सुरेख झाल्या. आभाळापाशी आलात अन् रंगात घालायचं जवसाचं तेल संपलं. दुकान गल्लीच्या तोंडाशी. पण तुम्ही उठून स्वयंपाकघरात येता, फोडणीला थांबलेल्या आईसमोरून करडईच्या तेलाची बरणी उचलता. म्हणता, तेलासारखं तेल, काय होतंय. भिंती वाळल्या, आभाळ काही वाळेना. ओसरीवर चित्र उभं, अंगणात आई ज्वारी पाखडते आणि फोलपटं उडून आभाळाला चिकटतात. तुम्ही सुईनं काढायला गेलात तर रंगच निघून आला. आई वैतागून म्हणाली, "चित्र हाय का लोणी? सही तरी करून ठेवा, नेतील उचलून."

"वाळल्याबिगर सही करत नसतात. जरा सबूर."

संक्रांत झाली, तुमची सबूर चालूच. मग एक दिवस तुम्ही शाळेत असताना साहेबांचा चपराशी ते तसंच ओलं टांग्यात घालून घेऊन गेला. आईनं किती सांगितलं, जाऊन सही करून या. साहेबाच्या घरी ब्रश घेऊन कसा जाऊ, म्हणालात, आणि जेवायला बसलात. विषय संपला.

आज तिथला तरुण अधिकारी बघायला आलेल्यांना सांगत होता की घरट्याकडं परतणारी पाखरं चित्रकारानं किती बारीक काढलीत. मी जवळ जाऊन पाहिलं. फोलपटं, अण्णा. आईच्या सुपातली. त्याला म्हणाले, हे माझ्या वडिलांनी काढलंय. मुलगा सभ्य होता, खुर्ची दिली.

"मावशी, सही नाही ना. तुमच्या घरातल्यांनाच माहीत असेल अशी एखादी खूण सांगा, पाटी बदलून घेऊ."

खूण समोरच होती. सांगितली असती तर तुमचं नाव लागलं असतं, आणि नावासोबत करडईचं तेलही. आठवत नाही म्हणाले आणि स्टँडवर आले. नाव तुम्हीच घालवलंत, आता पाखरं मी कशाला घालवू? वाटभर तुमच्यावर चिडत आले. पण दारातून पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मलाही ती पाखरंच वाटली होती.

भाजी चिरून ठेवली आहे. फडताळातून करडईच्या तेलाची बरणी काढली, तिचं बूड पुसलं, कढईत तेल घातलं.