उगारलेला पाट

बाबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलोय. आपल्या तामसी गावच्या शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात. ‘असॉल्ट म्हणजे हल्ला, हल्ला म्हणजे मारहाण,’ असं आमच्याकडून घोकून घेतलंत. आता मी आदिलाबादच्या कोर्टात कारकून आहे. तो शब्द रोज कागदावर भेटतो, आणि त्याचा अर्थ मला एका वकीलबाईंनी नव्यानं शिकवला. हात उगारला, समोरच्याला आता मार बसतो असं वाटलं, की झाला असॉल्ट. लागायची गरज नाही. लागलं तर तो पुढचा गुन्हा.

आपली धाकटी गुडीहत्नूरहून माहेरी आली आहे. जावई तिच्यावर उठता-बसता कुऱ्हाडीचा दांडा उगारतो. मारत मात्र नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर समाजाची बैठक बसली. आपल्या बैठकीचा पहिला प्रश्न ठरलेला, अन् निकालही तिथेच लागतो. "अंगाला हात लावला का बाई?" ती म्हणाली, "नाही." "मंग काऊन रडून राह्यली? जाय घरी." मी उठून त्या शब्दाचा अर्थ सांगायला लागलो, तर एक म्हातारबा म्हणाले, "अरे, तुह्या बापानंच शिकवलं आमाले इंग्रजी. मास्तरपक्षा तुले जास्त येते काय? अन् मास्तरनं तरी बायकोले कदी बोट लावलं?" सगळे हसले. मी खाली बसलो.

तुमचं ते बोट न लावणं मला चांगलं आठवतं, बाबा. स्वयंपाकघर. भाकर करपली आहे. तुम्ही बसायचा पाट उचलून आईच्या डोक्यावर धरलाय. पाट हवेतच थांबतो. आई पिठाचे हात डोक्यावर घेऊन चुलीपाशी आकसलेली. मग तुम्ही पाट खाली आपटता, त्यावरच बसता, म्हणता, "लावला का हात? सांग!" अन् निवांत जेवता. गावभर तुमचं नाव, मास्तर म्हणजे देवमाणूस! मीही तेच सांगत फिरायचो. अहो, वाढताना ती ताट लांबूनच सरकवायची, ते तुम्हाला दिसत नव्हतं का हो?

बैठकीतून परतताना धाकटी म्हणाली, "दादा, ठाण्यात जायची माही तयारी हाय. पण तू एकदा म्हण, बाबा करत होते तेबी हल्लाच होता. तुह्या तोंडून आयकू दे. नाहीतर मलेच वाटते, मी उगीच कांगावा करून राह्यली." मी म्हणालो, "आधी चहा घेऊ." त्यानंतर तिनं विचारलं नाही. उद्या सकाळी जावई तिला न्यायला येणार आहे.

तो हल्लाच होता, बाबा. घ्या, लिहिलं. लिहिताना हात अडला नाही, तिच्यासमोर मात्र जीभ उचलत नाही. तुमची बाजू घ्यायची सवय हाडीमाशी खिळली आहे. तुम्ही तर कधीच गेलात, हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. जिला हे ऐकायचंय ती शेजारच्या खोलीत पिशवी भरते आहे, अन् मी इथे तुम्हाला लिहीत बसलोय.