बाहुलीच्या पोटातली तार

आत्याबाई,

पाया पडते. पण सरळ सांगते, आज वाकताना माझं मन साफ नाही. मनात एक शंका घेऊन बसले आहे आणि ती फेडायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. "गेलेल्या सासूला कोणी पत्र लिहितं का?" असं तुमचा लेक हसून म्हणाला. मी म्हटलं, जित्या सासूला विचारायची छाती झाली नाही, आता तरी विचारू द्या!

दाराजवळ चादरीत बांधलेलं गाठोडं ठेवलंय. त्यात तुमच्या बाहुल्या आहेत. रविवारी आपली वैशू पहिल्या बाळंतपणाला मंठ्याहून माहेरी यायची आहे. तिनं फोनवर बजावलंय, "आई, आधी ते समदं पूर्णेत सोडून ये. मंगच मी त्या घरात पाऊल ठेवीन." तुमचा लेक उद्या सकाळी गाठोडं नदीवर नेणार आहे. म्हणून आज दुपारचं काम आवरून लिहायला बसले.

खरं सांगा, त्या बाहुल्या कशासाठी केल्या होत्या?

तुमच्या पेटीची किल्ली मरेपर्यंत तुमच्या कमरेला होती. मला वाटायचं, पेटीत पाटल्या असतील, निदान एखादं न नेसलेलं पातळ तरी असेल. गेल्या आठवड्यात घर सारवायला काढलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली. आत काय, तर मातीची माणसं! वीत-दीड वीत उंचीची. कोणाला गोणपाटाचं धोतर, कोणाला औषधाच्या बाटलीच्या बुचाची टोपी. अंगाला गेरू आणि चुना, भुवयांना काजळ. डोळ्यांच्या जागी सायकलचे छर्रे. हे आपल्या सायकल दुकानातून तुम्ही कधी उचलले हो?

तुमचा लेक तर पेटीपुढंच मांडी घालून बसला. "अगं, ह्यो तर मीच हाय! हातात पाना बघ. पोट पण बराबर काढलंय म्हातारीनं!" शाळेच्या रस्त्यावरच्या बांगडीवाल्या जुबेदा खालाही लगेच ओळखू आल्या, गळ्यापासून पायापर्यंत काचेच्या तुकड्यांनी मढवलेल्या. मलाही हसू आलं. पण मग खालचं फडकं उचललं.

खाली वैशू होती. एक नाही, दोन नाही, नऊ! प्रत्येकीच्या डोक्याला खरे केस चिकटवलेले. एकीच्या अंगावर तिच्या शाळेच्या शर्टाचं बटण, एकीच्या वेणीत तिची फुटकी पिन. शेवटच्या बाहुलीच्या कपाळाला मुंडावळ्या, लग्नाच्या मांडवात सांडलेल्या मण्यांच्या. आत्याबाई, माझ्या लेकीचे केस आणि तिच्या नऊ मूर्ती तुमच्या कुलपात! मी काय समजायचं होतं?

तुम्ही म्हणाल, मंदा पहिल्यापासूनच संशयी. आहे मी. पण संशय यायला तुम्ही काय कमी कारणं दिलीत? मी लग्न होऊन टेंभुर्णीला आले तेव्हापासून घरातल्या बारीकसारीक वस्तू जायच्या. बटणं, बुचं, फुटक्या बांगड्या. मोडकी वस्तूसुद्धा मी टाकत नाही, त्यामुळं गेलेली मला लगेच कळायची. केस विंचरल्यावर मी गुंतवळ भिंतीच्या फटीत साठवायची, केसांवर भांडी देणारी बाई आली की वाटी घ्यायला. तेसुद्धा कमी व्हायचं! आधी वाटलं, तुम्ही राजूरला लेकीकडं पाठवताय. पण फुटक्या बांगड्या लेकीला कशाला?

मग वैशू दीड वर्षाची असताना तिला ताप भरला. उतरेचना. त्याच दिवसांत मला जात्यामागं एक बाहुली सापडली. डोक्याला माझे केस, हाताला माझ्या हिरव्या बांगडीचा तुकडा. आणि पोटातून आरपार आल्यासारखी लोखंडी तार! तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणत्या सुनेच्या मनात दुसरा शब्द आला असता? करणी. मी तो शब्द कोणापुढं काढला नाही. बाहुली पदराखाली घेतली, ओढ्यात फेकली आणि तशीच पोरीला घेऊन राजूरच्या गणपतीला गेले. चौथ्या दिवशी ताप उतरला. माझी खात्रीच पटली.

त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. वैशूला तुमच्या हातचा घास भरवू दिला नाही. तुम्ही आणलेला खाऊ गाईला घातला. "आजीच्या खोलीत जायचं नाही," हे मी तिला चालायला लागल्यापासून शिकवलं. ती मोठी झाल्यावर कारणही सांगितलं. एकाच छपराखाली राहून तुमच्या नातीनं तुमच्या मांडीवर कधी बूड टेकलं नाही. आणि तुम्ही? एकदाही विचारलं नाहीत, "मंदा, असं का करतीस?" का नाही विचारलं? तुमच्या त्या गप्प बसण्यानंच माझा संशय पोसला. एकदा अंगावर ओरडायचं तरी होतं!

पेटी उघडल्यावर मी तरातरा जुबेदा खालाकडं गेले. म्हटलं, "खाला, खरं बोला. आमच्या आत्याबाई काय करत होत्या?"

खालांनी आधी मला पाणी दिलं. मग ऐकून कपाळाला हात लावला. "बहू, तू बिलकुल पागल हायस! अगं, माती उभी राहायला आत तार लागती. आपल्याला हाड असतं तसं. माती सुकली की आकसती. तार थोडीच आकसती? मंग ती पोट फाडून बाहेर येती. तुझी बाहुली पहिलीच होती ना, तुझ्या सासूला कुठं माहीत होतं! मीच मंग बोलले, मातीत कापूस कूट. त्याच्यानंतर एक पण न्हाई फाटली."

"आणि वैशूच्या नऊ?"

"तू पोरगी जवळ येऊ देत नव्हतीस. तुझी सासू हितं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून राह्यची. शाळेला जाणारी पोरगी बघायची, घरी जाऊन बनवायची. पोरगी वाढली की दुसरी. मी म्हणायचे, अगं, एकच नीट रंगवून ठेव ना. तर म्हणायची, ही लहान झाली आता."

"मग मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"तू विचारलं कधी? मला पण तू तिच्यातलीच समजत होतीस."

तरी माझा विश्वास बसला नाही. खाला तुमच्या मैत्रीण, त्या तुमचीच बाजू घेणार. मी घरी आले. तळ्याकाठची काळी माती आणली, दुकानातून सायकलच्या चाकाच्या दोन मोडक्या तारा घेतल्या. दोन बाहुल्या केल्या. एकीच्या मातीत कापूस कुटून घातला, एकीत नाही. तुमचा लेक म्हणाला, "आईचं वारं तुला बी लागलं का काय?" मी लक्ष दिलं नाही. दोन्ही जात्यामागं ठेवल्या, तुम्ही ठेवली होती तिथंच.

नाक नीट येईना हो. कान तर आलेच नाहीत. तुम्हाला कोणी शिकवलं होतं?

आज तिसरा दिवस. सकाळी पाहिलं. कापसाची बाहुली धड आहे. दुसरीच्या पोटाला उभी भेग पडलीय आणि भेगेतून तार बाहेर आलीय. बरोबर त्याच जागी! मी ती हातात घेऊन खालीच बसले. दूध उतू गेलं, तरी उठले नाही.

मला या घरात येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती आणि तुम्ही आयुष्यातली पहिली बाहुली माझी केलीत. हे मला कळू द्यायचं नव्हतं का? का कळवायला आला होतात आणि माझा चेहरा बघून परत फिरलात? मी ती फेकली, हे तुम्हाला कळलं होतं का? पेटीत सगळे आहेत, मी नाही. माझी दुसरी रागानं केली नाहीत, का मी पुन्हा घाबरेन म्हणून? आत्याबाई, ही एक शंका माझ्याजवळ राहणार. तिचं उत्तर खालांजवळही नाही.

"वैशू भितीय तर सोडून देऊ की पाण्यात. मातीच तर हाय," असं तुमचा लेक आत्ताच म्हणून गेला. त्याचं चुकत नाही. त्याला काही माहीतच नाही. वैशूला भीती कोणी घातली, हे मला माहीत आहे.

म्हणून ऐका, शब्द देते. उद्या सकाळच्या एसटीनं मी मंठ्याला जाते. दोन्ही बाहुल्या पिशवीत घेते, फाटलेली आणि धड. वैशूपुढं ठेवते. तिच्या सासूबाई तिथं असणारच. लेकीच्या सासरी, विहीणबाईंच्या देखत असं बोलायला जीभ रेटणार नाही, पण त्यांच्या देखतच सांगेन, "तुझ्या आजीनं काही केलं नव्हतं. मी वाईट मनात आणलं, आणि ते तुझ्या मनात भरलं." एवढं बोलेपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. वैशू तरीही आली नाही, तर तिचं बाळंतपण मी तिकडं जाऊन करीन.

पण गाठोडं नदीवर जाणार नाही. हे लिहिता लिहिता उठून मी त्याची गाठ सोडली. नऊच्या नऊ जणी भिंतीशी उभ्या केल्यात, धाकटीपासून थोरलीपर्यंत. सातवीचं नाक जरा मोडलंय. तेवढं कसं जोडायचं, ते खालांना विचारते.

तुमची सून,
मंदा